नानांच्या मेलचा ओक्यामे

...नाही, आणि वर मलाच विचारायचं! "डोम्फे, माझा पासवर्ड काय होता रे?" अहो, मेल तुमचा, पासवर्ड तुमचा, शाळा तुमची, आणि लक्षात कुणी ठेवायचं? मी! हा बघा, तुमच्यासमोर पुन्हा वाजला. थांबा हं जरा... "हो नाना. होय नाना. नाही नाना, तो फोन उघडायचा आकडा, मेलचा वेगळा... दोन्हीला एकच? ठेवता येतो नाना, पण ठेवू नये म्हणतात... कोण म्हणतात ते मलाही माहीत नाही नाना. आलोच, फेरीबोट आली की निघालोच!" ...ठेवला. तुम्हाला सांगतो, हा माणूस मला झोपेतून उठवून विचारतो, आणि मला झोपेतही पाठ असतो, हे त्याहून वाईट!

बसा हो, उभे कशाला? टाका ती गादी वाळूवर आणि बसा. फेरीबोट काही इतक्यात येत नाही, ती पलीकडच्या काठाला बसलीय रुसून, इंजिन गरम झालं म्हणे. इथे आपण गरम झालोय त्याचं कुणाला काही नाही. केंके घेता? घ्या हो, आंबवलेल्या मक्याचे गोळे, बरोबर मासळी आहे तळलेली, शितोची तिखट चटणी पण आहे, घरून बांधून दिलंय. तुम्ही सगळे नवे मास्तर ना, न्सुआनोच्या शाळेत निघालेले? कसं ओळखलं म्हणून काय विचारता, गाद्या कोऱ्या आहेत तुमच्या! मीही असाच आलो होतो, हीच वाळू, अशीच फोमची गादी, आणि डोक्यात काय, तर दोन वर्षं काढू सरोवरापलीकडे आणि मग बदली मागून घेऊ. हसा, हसा. मलाही आता हसूच येतं.

तर मेल. आता तुम्ही म्हणाल, मेल म्हणजे काय मोठंसं? अगदी हेच, अगदी ह्याच आवाजात तो राजधानीचा, आक्राचा सेलॉर्म म्हणाला होता! जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीने धाडला होता त्याला, आम्हाला मेल शिकवायला. टोकदार बूट, घोट्याच्या वरच दम सोडणारी पँट, आणि तोंडात एकच वाक्य. काही विचारा. "सेलॉर्म साहेब, हे अक्षर बारीक दिसतंय." "सोप्पंय हो मास्तर, नुसतं दाबायचं!" "साहेब, हे सगळं पांढरंच झालं." "सोप्पंय हो मास्तर, नुसतं दाबायचं!" "मास्तर, बाहेर जायचंय जरा, संडास कुठे?"... नाही, हे त्याने विचारलं आणि आम्ही सांगितलं, पण सांगणाऱ्याने तेच वाक्य म्हटलं, इतकं ते आमच्या तोंडात बसलं होतं!

आता शिकायचं कशावर? एक लॅपटॉप, त्याच्याभोवती आख्खी शाळा, मागच्यांना पुढच्यांच्या माना दिसायच्या. रेंज कुठे? पटांगणातल्या कडुनिंबाखाली, तीही त्याच्या पूर्वेच्या फांदीखाली. म्हणजे लॅपटॉप झाडाखाली, जनरेटर व्हरांड्यात, मधे वायर, आणि वायरीवरून कुणाची तरी बकरी. सेलॉर्म म्हणाला, पहिला धडा म्हणून सगळ्यांनी आपापल्या फोनवरून सगळ्यांना एक मेल पाठवा, नुसतं 'सुप्रभात' लिहा. आता मला सांगा, हे आमच्याकडे सांगायचं असतं का? अहो, तुम्हाला ठाऊक आहे, चार माणसं बसलेली असली तर आपण उजवीकडून सुरू करून एकेकाशी हात मिळवल्याशिवाय खाली बसतो का? गेला सगळ्यांना 'सुप्रभात'. मग सगळ्यांनी सगळ्यांना उत्तर दिलं, 'सुप्रभात, कसे आहात?' मग सगळ्यांनी सगळ्यांना कळवलं, 'देवाच्या कृपेने बरे, घरचे कसे आहेत?' मग घरचे. मग मुलं. मग फोस्तिना मॅडमने, आमच्या त्या पहिलीच्या बाई, चर्चच्या गायनातल्या, ज्येष्ठ, त्यांनी आपल्या गुडघ्याचं लिहिलं. सगळ्यांना! मग सगळ्यांनी गुडघ्याला आराम चिंतला, सगळ्यांना! दुपारपर्यंत फोन तापून वाजेनासे झाले आणि सेलॉर्मने डोकं धरलं. "अहो, सर्वांना उत्तर द्यायचं नाही! ज्याला द्यायचं त्याला एकट्यालाच द्यायचं!"

फोस्तिना मॅडम उठल्या. गुडघ्यासकट उठल्या, म्हणजे बघा. "एवढ्या माणसांनी मला नमस्कार केला, आणि मी एकालाच उत्तर देऊन बाकीच्यांकडे पाठ फिरवून बसू? आक्राला चालत असेल. आम्ही माणसांत वाढलोय!" झालं! टाळ्या! मग नावांच्या क्रमावरून पेटलं. मेल पाठवताना वर नावं टाकायची ना, त्यात माझ्या नावाच्या आधी त्याचं का? "ज्याचा बाप्तिस्मा माझ्या मांडीवर झाला, त्याच्या खाली माझं नाव?" हेही मॅडमच. सेलॉर्म म्हणतो, "अहो, क्रमाला काही अर्थ नसतो!" म्हणे अर्थ नसतो! लग्नात खुर्च्या मांडताना येऊन सांग म्हणावं हे!

संध्याकाळी जाताना त्याने घाम पुसत विचारलं, "कुणाला तरी... कुणाला तरी समजलं का? ज्याला समजलं त्याने हात वर करा." आणि तुम्हाला सांगतो, त्या सगळ्या गर्दीत एक हात वर गेला. ह्या दंडाचा. उजवा. कापून टाकावासा वाटतो.

नाही, मूर्ख नाही मी. कारण होतं. कचेरीचं फर्मान आलं होतं ना, यापुढे बदलीचा अर्ज फक्त मेलने, कागदावर आलेला बघितलासुद्धा जाणार नाही. आणि बदली हवी होती हो मला, फार हवी होती. घर माझं कोफोरिदुआला. सेर्वा, माझी बायको, तिचं तिथे मण्यांचं दुकान, गुरुवारच्या बाजारात बसते. आणि न्हीरा, माझी लेक. मी सरोवरापलीकडे आलो तेव्हा ती पोटात होती. एकदा असाच सुट्टीला गेलो, दारात पोचलो, तर हीच पुढे आली, एवढीशी. लाकडी खुर्ची ओढत ओढत आणली, मला बसवलं, दोन्ही हातांत धरून पाण्याचा पेला दिला, मी पाणी पिईपर्यंत नीट उभी राहिली, आणि मग आईने शिकवलंय तसं, पाहुण्याला विचारतात तसं, हात मागे बांधून विचारलं, "घरात सगळं क्षेम आहे. आपलं येणं कशासाठी झालं?"

मला! बापाला!

सेर्वा चुलीपाशी हसत होती, मीही हसलो, पोरीला उचलून घेतलं. पण त्या दिवशी ठरवलं, मेल काय, विमान चालवायला शिकवलं तरी शिकेन. म्हणून तो हात वर गेला. आणि शिकलो हो! कडुनिंबाखाली फांदी पकडून शिकलो. पाठवायचं कसं, आलेलं शोधायचं कसं, कचऱ्यात गेलेलं परत काढायचं कसं, नवा मास्तर आला की त्याचं खातं उघडायचं, गेला की बंद करायचं, पासवर्ड विसरला की बदलून द्यायचा, पेटी भरली की रिकामी करायची. सेलॉर्मने माझी पाठ थोपटली. "डोम्फे मास्तर, आजपासून शाळेचे ॲडमिन तुम्ही!" मी म्हटलं, "अवघड जाईल का हो?" तर काय म्हणाला असेल? सांगा, तुम्हीच सांगा!

बरोब्बर.

आता नानांचं ऐका. आमचे मुख्याध्यापक, त्वमासी सर. साधा माणूस होता हो, माझ्या ताटातला केंके खायचा. गेल्या ख्रिसमसला त्यांच्या गावाने त्यांना विकासाचे नाना, म्हणजे मानाचे प्रमुख, करून चौरंगावर बसवलं. कारण काय, तर गावातला एवढा शिकलेला माणूस हा एकच, आणि गावाला बोअरवेल हवी. झाले नाना! उत्तम! गावात छत्री धरा डोक्यावर, वाजवा ढोल, पायातल्या चपला जमिनीला लागू देऊ नका, आमचं काही म्हणणं नाही. पण हा माणूस शाळेतही नाना! ऑफिसात नाना! खडूचा खोका मागायला गेलं तरी नाना! आणि नानांशी थेट बोलायचं नसतं, हे काय तुम्हाला मी सांगायला हवं? मधे ओक्यामे लागतो, नानांचं तोंड. आपण त्याला सांगायचं, त्याने ते सजवून नानांच्या कानावर घालायचं, नाना पुटपुटणार, त्याने ते सजवून आपल्याला सांगायचं. नाना तीन हातांवर बसलेले असतात, सगळं ऐकत असतात, पण नाही!

तर एक दिवस आसिएदू मास्तरने, आमचा खेळाचा शिक्षक, शिट्टी गळ्यात घालून उभ्या उभ्या झोपणारा माणूस, प्रशिक्षणातही डोळे उघडे ठेवून झोपलेला, त्याने चुकून कुठेतरी बोट ठेवलं आणि नानांच्या फोनवर सरळ मेल गेला. "सुप्रभात." एवढंच! नाना ऑफिसातून बाहेर आले, अंगरखा खांद्यावरून घसरतोय. "कोण हा आसिएदू? कुणाला न विचारता माझ्या खिशात शिरून माझ्याशी बोलतो?" आता ह्याला काय म्हणायचं? खिशात शिरून! पण शिरला होता हो, ते खोटं नाही. सभा भरली. ठरलं की यापुढे नानांच्या मेलला कुणी थेट मेल करायचा नाही, बाहेरचाही मेल नानांनी थेट वाचायचा नाही, मधे ओक्यामे हवा. कोण? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि तो आसिएदू, सगळ्याचं मूळ, तो काय म्हणतो? "हात ह्यानेच वर केला होता."

झालो मी मेलचा ओक्यामे! काठीसुद्धा मिळाली. हसू नका, ही काय बाजूला पडलीय, हीच. नानांनी सुतारकामाच्या मास्तरांकडून करून घेतली. मुठीवर मेलमधली ती ॲटची खूण कोरली, सोनेरी रंग दिला. आता लाकडात कोरल्यावर ती दिसते कशी? गोगलगायीसारखी! परवा ह्याच धक्क्यावर एक बाई विचारत होती, "मास्तर, गोगलगायी कशा दिल्या?"

काम कसं चालतं सांगतो. फोस्तिना मॅडम बसल्यात माझ्या शेजारच्या खुर्चीत. त्या मला मेल करतात की वर्गाचं छप्पर गळतंय. शेजारच्या खुर्चीतून! मग मी उठतो, काठी घेतो, ऑफिसात जातो. "नाना, ऐकावं. नाना, फोस्तिनाबाईंच्या मुखातून एक वारा आला आहे, तो म्हणतो, आकाशाने पहिलीच्या वर्गात आपलं घर केलं आहे." नाना डोळे मिटतात. "तिला सांग, ऐकलं." हे आपण सजवून लिहायचं. "नानांचा कान हत्तीच्या कानाएवढा मोठा आहे, आपला शब्द त्यात सुखरूप पोचला आहे," आणि पाठवायचं. शेजारच्या खुर्चीत! छप्पर? छप्पर गळतंय हो, छपराला कुठे मेल येतो?

आणि नानांकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. बाटली न्यायची, श्नॅप्स दारूची. मेलबरोबर बाटली कशी न्यायची? शोधलं! ह्यातही डोकं कुणाचं, त्या आसिएदूचंच. म्हणाला, "डोम्फे, मला रजा पाहिजे, मेलला बाटलीचा फोटो जोड." जोडला. सोप्पंय, नुसतं दाबायचं! मी काठी घेऊन आत गेलो. "नाना, आसिएदूचा वारा रजा मागतो." नाना म्हणाले, "बाटली आणलीय?" मी म्हटलं, "नाना, फोटो आणलाय." नानांनी फोनवर फोटो नीट पाहिला, दोन बोटांनी मोठा करून लेबल वाचलं, आणि म्हणाले, "छान. त्याच्या रजेचाही फोटो पाठव त्याला." त्या दिवसापासून सगळेच फोटो जोडायला लागले ते लागलेच, कमी नको पडायला! शाळेची पेटी बाटल्यांनी तुडुंब, खऱ्या मेलला शिरायला जागा नाही, रोज सकाळी मी बाटल्या उपसतो. अभ्यासक्रम बदलला त्याचा मेल तीन आठवडे बाहेर ताटकळत होता, पोरं जुनाच धडा पाठ करत बसली. आणि जिल्ह्याला कुणी विचारत नाही, मुलं काय शिकली. विचारतात काय? मेलला उत्तर आलं का!

तेही पुरं नाही! मेल पोचला ह्यावर कचेरीचा विश्वास नाही. म्हणजे मेल पाठवायचा, मग फोन करायचा की मेल पाठवलाय, मग तो मेल छापायचा, त्यावर नानांची सही आणि शाळेचा शिक्का, आणि फेरीबोटीतून जाऊन कचेरीत हातोहात द्यायचा. कुणी? काठी कुणाकडे आहे? एकदा त्या कारकुनाला म्हटलं, "बाबा, कागदच लागतो तर मेल कशाला?" तो म्हणाला, "मेल नसेल तर कागद खरा कशावरून?" ह्यावर बोलायला मेंदू वेगळा लागतो.

असो. बदलीचे दिवस आले. मी माझा अर्ज केला. असा लिहिला की काय सांगू, वेलांटीलासुद्धा इस्त्री केली! कोफोरिदुआत आमच्या मागच्याच गल्लीतल्या शाळेत एक जागा रिकामी, सेर्वा स्वतः जाऊन विचारून आली. आणि त्या रात्री... रात्री कसली, संध्याकाळीच, आसिएदू आला दारात. "बाबा, माझाही अर्ज कर ना. तुला येतं, मला येत नाही." मी म्हटलं, "कुठे हवी बदली?" तर खांदे उडवून म्हणतो, "कुठेही. रेंज असेल तिथे, मॅच बघायला." आता मी काय करायचं? माणूस दारात आलाय. केला त्याचाही अर्ज. तोही सजवून केला! सवय लागली होती ना, ओक्यामेची. त्याच्या झोपेला मी 'शांत, स्थिर स्वभाव' लिहिलं.

कचेरीची विचारणा आली, दोघांची एकदमच. 'ह्या शिक्षकांना सोडायला शाळेची हरकत आहे काय?' घेतली काठी, गेलो आत. आधी आसिएदूची वाचली. नानांनी डोळे मिटले. "डोम्फे, ह्याला मेल येतो का रे?" मी म्हटलं, "नाही नाना, उघडतासुद्धा येत नाही." "मग इथे अडवून करायचंय काय त्याला? हरकत नाही म्हणून कळव." संपलं! एवढ्यात संपलं! मला वाटलं, वा, आज नाना सोडायच्याच लहरीत आहेत. माझ्या तर हातातली काठी नाचायला लागली.

आता माझी पाळी. पण ओक्यामेला स्वतःची बाजू स्वतः मांडता येत नाही! दुसऱ्याचं तोंड लागतं. आणि ऑफिसात दुसरं तोंड कोण होतं? पंख्याखाली डुलक्या घेणारा आसिएदू! हलवून उठवलं, काठी हातात दिली, कानात सगळं सांगितलं. म्हटलं, बदली हवी, घर पलीकडे आहे, एवढंच बोल. आणि तुम्हाला सांगतो, हा झोपाळू माणूस काठी हातात आल्याबरोबर बोलायला लागला हो! "नाना, ऐकावं. नाना, सरोवरापलीकडे एक लहान मुलगी आहे. तिच्या घरी एक पाहुणा येतो. ती त्याला खुर्ची देते, पाणी देते, आणि विचारते, आपलं येणं कशासाठी झालं? नाना, तो पाहुणा तिचा बाप आहे." हे मी त्याला सांगितलंच नव्हतं आत्ता! कधीतरी केंके खाताना बोललो असेन, तेव्हा झोपला नव्हता वाटतं. माझे डोळे भरले. नानांनी अंगरख्याच्या टोकाने नाक पुसलं. मग नाना म्हणाले, "लिही."

बसलो लिहायला. नाना सांगतायत, मी दाबतोय. "श्रीमान डोम्फे ह्यांच्यासारखा कर्तव्यदक्ष शिक्षक मी पाहिला नाही." दाबलं. "ते शाळेचा कान आहेत, शाळेचं तोंड आहेत." दाबलं! "आख्ख्या जिल्ह्यात मेलचं एवढं ज्ञान कुणाला नसेल." अहो, मी लाजलो, पण दाबलं! म्हटलं, निरोपाचं भाषण आहे, होऊ दे. मनात मी केव्हाच फेरीबोटीत बसलो होतो, न्हीरासाठी लाल बूटसुद्धा घेऊन झाले होते. आणि नाना म्हणाले, "...सबब, अशा माणसाला सोडणे शाळेस शक्य नाही."

बोट तसंच वर राहिलं. मी म्हटलं, "नाना?" नाना मायेने म्हणाले हो, खरंच मायेने, तेच तर वाईट! "अरे, तू गेलास तर माझा मेल कोण बघणार? मुलीला म्हणावं, तुझा बाप फार मोठा माणूस आहे. पाठव."

तुम्ही म्हणाल, बदलायचं की वाक्य! नाना कुठे मेल वाचतात? 'शक्य नाही'चं 'शक्य आहे' करायला कितीसा वेळ? आलं हो मनात. आलंच! पण मग तो कागद छापायचा, नाना सही करण्याआधी वाचून घेणार, कचेरी ताडून बघणार. आणि ओक्यामे शब्दाला सजवतो, फिरवत नाही. काठी गोगलगायीची असली म्हणून काय झालं? आसिएदू काठी धरून उभा, नाना बघतायत, बाहेर बकरी वायरीवर. दाबलं. स्वतःच्या बोटाने दाबलं. मग छापून, शिक्का मारून, ह्याच फेरीबोटीने जाऊन तो नकार मी माझ्या हाताने कचेरीत दिला. कारकुनाने पोच दिली आणि म्हणाला, "अक्षरजुळणी सुंदर आहे हो, कुणी केली?"

अजून संपलं नाही! त्या मेलची प्रत शाळेत सगळ्यांना गेली होती, नियमच आहे. फोस्तिना मॅडमचं लगेच उत्तर, सगळ्यांना. 'डोम्फे मास्तर, अभिनंदन! नानांनी काय कौतुक केलंय!' मग सगळ्यांचं सगळ्यांना अभिनंदन. आणि मी काय करायचं? आपण माणसांत वाढलोय ना! एकेकाला बसून उत्तर दिलं. 'आभारी आहे. देवाच्या कृपेने बरा आहे. गुडघा कसा आहे?'

आणि आसिएदूला जागा कुठली मिळाली असेल? ...बोला ना. होय! कोफोरिदुआ! आमची मागची गल्ली!

काल घरीच होतो. कचेरीत कागद द्यायला आलो होतो, म्हटलं एक रात्र काढावी. दारात पोचलो. आली न्हीरा. उंच झालीय. खुर्ची आणली, पाणी आणलं. मी पेला हातात घेतोय तोवर मागच्या दाराने कोण आलं? आसिएदू! शिट्टी गळ्यात, सरळ चुलीपाशी गेला, झाकण उघडून बघतो, "सेर्वाताई, आज काय?" मी म्हटलं, "न्हीरा, मास्तरांना खुर्ची दे, पाणी दे." ती म्हणाली, "त्यांना कशाला? ते काय पाहुणे आहेत?" आणि मग माझ्याकडे वळली, हात मागे बांधले. "आपलं येणं कशासाठी झालं?"

कशासाठी! शिक्का मारलेला कागद द्यायला, बाळ. तसंच सांगितलं. खोटं कसं बोलणार, पाणी प्यायलो होतो तिच्या हातचं.

निघताना हा केंके तिनेच बांधून दिला, लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याला देतात तसा. घ्या ना, उरलाय. मला नाही जात.

आता एकच वाट आहे. कुणीतरी दुसरा शाळेचा मेल सांभाळायला शिकला पाहिजे, म्हणजे मी सुटेन. फोस्तिना मॅडमच्या मागे लागलो, किती लागलो! "मॅडम, सोप्पंय हो, नुसतं दाबायचं!" तर मॅडम म्हणाल्या, "डोम्फे, मी म्हातारी झाले, खुळी नाही झाले." सुताराला सांगितलं, त्याने बोट कापल्याचं सोंग केलं, पट्टी बांधून हिंडतो. परवा विज्ञानाचा मास्तर, कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेला माणूस, भर सभेत नानांना विचारतो, "नाना, हा उंदीर कशाला लागतो?" सगळी शाळा शहाणी झाली हो! आसिएदू सुटला हे सगळ्यांनी पाहिलंय. जो तो झोपायला शिकतोय.

ती बघा, आली फेरीबोट, धूर दिसतोय. आवरा सामान. गाद्या उचला... आणि काय हो, तुम्ही तरुण मंडळी, शिकलेली, तुमच्यात कुणाला मेल येत असेलच ना? ...नाही? तुम्हाला? नाही? अहो, असं काय करता, मघाशी मी आलो तेव्हा तुम्ही फोनवर दोन्ही अंगठ्यांनी भराभरा मेल लिहीत होतात, पाहिलंय मी! ...खिशात काय घालता तो? काढा ना बाहेर! थांबा, असे पळू नका, तुमची गादी मी घेतो डोक्यावर, काठीसुद्धा देतो, सोनेरी आहे... अहो ऐका तरी! सोप्पंय हो मास्तर, नुसतं दाबायचं!